गालिच्यांची व्यावसायिक स्वच्छता : शाम्पू, ‘स्टीम’ की ड्राय?

मानपाडा_मुक्काम (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी.

दिवाळीपूर्वी घरातले तीन गालिचे व्यावसायिकांकडून स्वच्छ करून घ्यायचे आहेत आणि कोणती पद्धत निवडावी, याबद्दल तुमचे अनुभव हवे आहेत. पहिला गालिचा दिवाणखान्यातला, सहा बाय नऊ फुटांचा, लोकरीचा. भदोहीहून आलेल्या एका विक्रेत्याकडून प्रदर्शनात घेतलेला. दुसरा सासूबाईंकडे पूर्वीपासून असलेला काश्मिरी गालिचा. तो आकाराने लहान आहे, पण घरात त्याचे मोल सर्वांत मोठे आहे. तिसरा मुलांच्या खोलीतला, यंत्रावर विणलेला, बहुधा सिंथेटिक धाग्याचा.

ठाण्यातल्या तीन ठिकाणी चौकशी केली. एकाने शाम्पू सुचवला, दुसऱ्याने ‘स्टीम क्लीनिंग’ आणि तिसऱ्याने पावडर टाकून ड्राय क्लीनिंग. तिघांनीही चौरस फुटाचा दर सांगितला आणि आपली पद्धत तिन्ही गालिच्यांना चालेल अशी खात्री दिली. मात्र गालिचा कशाचा आहे, हे तिघांपैकी एकानेही विचारले नाही. मला हीच गोष्ट खटकली. या पद्धतींमध्ये नेमका फरक काय आहे आणि कोणत्या गालिच्याला कोणती पद्धत योग्य, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

कोपरीकर

स्टीमच करून घ्या. सर्वांत खोलवर स्वच्छता तीच करते. आम्ही दरवर्षी करतो, कधीही तक्रार आलेली नाही.

ऐरोली_दुसरी_पाळी

ऐरोलीतल्या एका कार्यालयीन संकुलाच्या देखभालीचे काम मी पाहतो. तिथे मजलेच्या मजले कार्पेट टाइल्सचे आहेत, त्यामुळे या जवळपास सर्व पद्धती डोळ्यांसमोर होताना पाहिल्या आहेत. मला जे ठाऊक आहे ते लिहितो.

कोपरीकर, ज्याला बाजारात ‘स्टीम’ म्हणतात, त्यात बहुतेक वेळा वाफ नसतेच. ती गरम पाण्याची पद्धत असते. आधी कोरडे व्हॅक्यूम, मग गालिच्यावर डिटर्जंटची फवारणी, दहा-पंधरा मिनिटे मुरू देणे, ब्रशने हलके घासणे आणि शेवटी यंत्राच्या एकाच तोंडातून गरम पाणी दाबाने आत सोडून त्याच क्षणी ते ओढून घेणे. ही पद्धत खरोखर खोलवर जाते, कारण मळ पाण्याबरोबर गालिच्याबाहेर निघतो. मात्र सगळे यश त्या ओढून घेण्यावर अवलंबून असते. चांगला कामगार पाण्याचा एक फेरा मारल्यावर त्याच पट्ट्यावरून पाणी बंद ठेवून नुसते ओढण्याचे दोन-तीन फेरे मारतो. घाईत असलेला माणूस हेच फेरे गाळतो, आणि मग गालिचा सहा-आठ तासांऐवजी दुसऱ्या दिवशीही ओला राहतो.

शाम्पूच्या पद्धतीत गोल फिरणारे एका ब्रशचे यंत्र असते. त्याच्या टाकीतून फेसाळ पाणी खाली येते, ब्रश घासतो आणि नंतर वेट अँड ड्राय व्हॅक्यूमने पाणी ओढतात. घासणे जोरात होत असल्याने पहिल्या दिवशी गालिचा अतिशय उजळ दिसतो. परंतु स्वच्छ पाण्याने खळबळून काढण्याची पायरी त्यात सहसा नसते, म्हणून साबणाचा चिकट अंश तंतूंवर राहतो आणि तोच पुढे धूळ धरून ठेवतो. शाम्पू केलेला गालिचा महिन्याभरात पूर्वीपेक्षा मळकट दिसू लागतो, त्याचे कारण हे आहे.

आमच्याकडे नियमित कामासाठी एन्कॅप्सुलेशन वापरतात. त्यातल्या रसायनात असे पॉलिमर असते की ते वाळताना मळाच्या कणांभोवती कडक, ठिसूळ कवच धरते आणि नंतरच्या व्हॅक्यूममध्ये ते कण निघून येतात. पाणी अत्यंत कमी लागते आणि तासा-दोन तासांत मजला चालता होतो. आमच्या टाइल्सखाली उचललेली फरशी आणि तिच्याखाली विजेच्या व संगणकांच्या तारा आहेत. सांध्यांतून पाणी खाली उतरणे आम्हाला परवडण्यासारखे नाही. मात्र ही पद्धत वरवरच्या आणि मधल्या थरातल्या मळासाठी आहे. वर्षानुवर्षे साठलेली माती तिने निघत नाही.

सभागृह_वाशी

ऐरोली, माहिती उत्तम दिलीत, पण बॉनेट राहिली. शोषक सुती पॅड रसायनात भिजवून, पिळून, गोल यंत्राखाली लावतात आणि गालिच्यावरून फिरवतात. आमच्या सभागृहात दुपारचा साखरपुडा संपून संध्याकाळच्या स्वागत समारंभापूर्वी मार्गिका स्वच्छ करायची असते. अशा वेळी दुसरा पर्याय नाही. ‘बॉनेट म्हणजे फसवणूक’ असे काही जण सरसकट म्हणतात, ते मला मान्य नाही. पॅड वेळेवर उलटले आणि बदलले, तर वरचा चिकटा आणि पावलांचे डाग चांगले उतरतात.

ऐरोली_दुसरी_पाळी

सभागृह, तुमच्या गरजेपुरते मान्य आहे. आखूड, घट्ट आणि सिंथेटिक कार्पेटवर दोन कार्यक्रमांच्या मधे बॉनेट चालते. पण घरातल्या, कापलेल्या लवेच्या लोकरी गालिच्यावर ते यंत्र फिरवले की लव पिळवटते आणि गोल गोल वळणे कायमची दिसत राहतात. शिवाय पॅड बदलले नाही, तर मळ खालीच दाबला जातो. ताईंच्या पहिल्या दोन गालिच्यांना हे यंत्र लावू नये.

ताणाबाणा

वस्त्रतंत्रज्ञान शिकलो आणि निवृत्त होईपर्यंत त्याच क्षेत्रात होतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. मानपाडा ताई, तुम्हाला जे खटकले तेच या विषयाचे मूळ आहे. पद्धतीची निवड तंतू, रंग आणि पाठ या तीन गोष्टी पाहून करायची असते. पद्धत आधी ठरवून गालिचा तिच्या हवाली करायचा नसतो.

आधी कोपरा उलटून पाहा. समोरची नक्षी पाठीवरही तशीच, स्पष्ट, गाठीगाठींनी उमटलेली असेल, तर गालिचा हाताने गाठी मारलेला आहे. पाठीवर कापड चिकटवलेले असेल, तर तो हँड-टफ्टेड आहे. तुमचा भदोहीचा गालिचा मला टफ्टेड वाटतो. भदोही-मिर्झापूर पट्ट्यात दोन्ही प्रकार होतात आणि तिथल्या हातविणीच्या गालिच्यांना 2010 साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. परंतु प्रदर्शनात मिळणाऱ्या जाड लवेच्या गालिच्यांत टफ्टेडच अधिक असतात. त्यांत लोकरीचे पुंजके कापडात टोचून मागून रबरासारख्या लॅटेक्सने चिकटवतात आणि त्यावर दुसरे कापड लावतात. हे लॅटेक्स वयानुसार सुकत जाते. गालिचा उचलल्यावर फरशीवर पिवळसर बारीक भुकटी दिसत असेल, तर लॅटेक्स सुटू लागले आहे. अशा गालिच्यात भरपूर पाणी मुरले, तर पाठ सुटते, फुगे येतात आणि कडा वर वळतात. वाफेचे खरे यंत्रही त्याला घातक, कारण उष्णतेने डिंक मऊ पडतो. त्याला बेताच्या पाण्याचीच पद्धत हवी : भरपूर कोरडे व्हॅक्यूम, हलकी फवारणी, मऊ ब्रश, कोमट पाण्याचा मोजका वापर आणि लगेच ओढून घेणे.

आता लोकरीविषयी. लोकर म्हणजे आपल्या केसांसारखे प्रथिन. ती स्वतःच्या वजनाच्या सुमारे 30 टक्के ओलावा पोटात घेते आणि तरीही हाताला ओली लागत नाही. त्यामुळे ‘वरून कोरडा लागतो’ एवढ्यावर विश्वास ठेवू नये. तीव्र अल्कली तिला अपाय करते, म्हणून रसायनाचा पीएच (आम्ल-अल्कलीचे माप) साधारण साडेपाच ते साडेआठच्या दरम्यान असावा. क्लोरिनच्या ब्लीचने लोकर अक्षरशः विरघळते. प्रथिन तोडणाऱ्या एन्झाइमची कपड्यांची पावडरही तिच्यावर चालवू नये. जास्त उष्णता आणि जोरात घासणे एकत्र आले की तिच्या तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि लव नमद्यासारखी, म्हणजे दाबून केलेल्या लोकरी कापडासारखी, घट्ट होते. एकदा झालेला नमदा पुन्हा मोकळा होत नाही.

तिसऱ्या गालिच्याचे दोन तंतू लवेतून काढा आणि चिमट्यात धरून, मुले जवळ नसताना, मोरीत जाळून पाहा. जळक्या केसांचा वास आणि बोटांनी चुरडता येणारी काळी राख म्हणजे लोकर. वितळून कडक मणी झाला, तर सिंथेटिक. कागदासारखे भुरकन जळून मऊ करडी राख राहिली, तर सुती किंवा व्हिस्कोस (लाकडाच्या लगद्यापासून केलेला रेशमासारखा धागा).

व्हिस्कोसबद्दल विशेष सावध राहा. ‘आर्ट सिल्क’ किंवा ‘बांबू सिल्क’ या नावाने जे चकचकीत गालिचे विकतात, ते बहुतांशी व्हिस्कोसचे असतात. ओले झाले की त्या तंतूची ताकद निम्म्याच्या आसपास उतरते, लव कडक होते आणि पिवळसर छटा येते. त्यांना पाण्याच्या कोणत्याही पद्धतीपासून दूर ठेवावे; ड्राय पावडर तिथे शोभते.

सेक्टर_१९_नेरूळ

ताणाबाणा यांनी सांगितलेल्या ओलाव्याचा अनुभव आम्ही घेतला आहे. दोन वर्षांपूर्वी जुलै महिन्यात, पाहुणे येणार म्हणून, घरी येऊन शाम्पू करणाऱ्या एका सेवेला बोलावले. माणसे मनापासून घासत होती, परंतु पाणी ओढणारे यंत्र दुबळे होते. ‘पंखा लावा, संध्याकाळपर्यंत वाळेल’ असे सांगून ती निघून गेली. पावसाळ्यात आपल्याकडची हवा 80 टक्क्यांहून अधिक दमट असते; तिथे पंखा फक्त ओली हवा फिरवतो. तिसऱ्या दिवशी खोलीत कुबट वास सुटला आणि फिकट गालिच्यावर चहा सांडल्यासारखी तपकिरी छटा पसरली. तक्रार केल्यावर ‘तुमचा मळच वर आला’ असे उत्तर मिळाले. ही छटा कशाची होती?

ताणाबाणा

नेरूळकर, तुमच्या गालिच्याच्या पाठीत ताग असावा. ताग सावकाश वाळला की त्याच्यातली तपकिरी द्रव्ये पाण्याबरोबर वर चढतात आणि पाणी उडून गेल्यावर तंतूंच्या टोकाशी साठतात. निघून गेलेला डाग वाळल्यावर पुन्हा दिसतो, तोही बऱ्याचदा याच मार्गाने, खालच्या थरातून वर येतो. सौम्य आम्लयुक्त पाण्याने जाणकार माणूस ही छटा पुष्कळ कमी करू शकतो, पण गालिचा जलद वाळवणे हाच खरा उपाय. जून ते सप्टेंबर घरच्या घरी ओली स्वच्छता करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ऑक्टोबरचा उन्हाळा यासाठी सर्वांत चांगला. एसी ड्राय मोडवर ठेवावा, जमिनीलगत झोत मारणारा पंखा लावावा आणि शक्य असेल तर कडेखाली काठ्या सरकवून पाठीला हवा द्यावी.

कळव्याची_माई

माझा अनुभव डागाचा आहे. चैत्रातल्या हळदीकुंकवाला हळदीची वाटी गालिच्यावर लवंडली. स्वच्छता करणाऱ्या मुलाने फवारा मारला आणि पिवळा डाग क्षणात लाल झाला! तो घाबरला, मी त्याहून अधिक घाबरले. पण साबण लागल्यावर हळद लाल होते, हे आपण पातेली घासताना पाहतोच. मग त्याने अल्कली रसायन धुऊन काढले, आम्ही गालिचा सकाळच्या उन्हात ठेवला आणि काही दिवसांत डाग पुसट होत गेला. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, हे आपल्या आयांना ठाऊक होते. कुंकवाचे मात्र तसे नाही. ते कोरडे असतानाच, न घासता, व्हॅक्यूमने उचलावे.

पाचपाखाडी_पश्चिम

माईंना अनुमोदन. एक पुरवणी : ऊन लोकरीच्या स्वतःच्या रंगालाही उडवते, त्यामुळे ते थोडा वेळ आणि डागापुरतेच द्यावे, बाकीचा भाग चादरीने झाकावा.

खारघर_टेकडी

विषयाला थोडे वळण देतो. आमच्या मुलाला दमा आहे आणि डॉक्टरांनी धुळीतल्या किडीची ॲलर्जी सांगितली. ही डोळ्यांना न दिसणारी कीड दमट हवेत फोफावते आणि हवेतला ओलावा 50 टक्क्यांखाली टिकला तर तग धरत नाही. आपल्या भागात वर्षातले कित्येक महिने तो त्याहून पुष्कळ वर असतो. अशा घरात ओली स्वच्छता करून गालिचा दोन दिवस दमट ठेवणे म्हणजे किडीला निमंत्रणच. आम्ही मुलाच्या खोलीतून गालिचा काढूनच टाकला. मानपाडा ताई, तिसरा गालिचा मुलांच्या खोलीत आहे म्हणून विचारतो : तो ठेवणे आवश्यक आहे का?

मानपाडा_मुक्काम

खारघर, तुमची सूचना मनापासून पटते. आमच्या मुलांना तसा त्रास नाही, आणि धाकटी जमिनीवरच खेळते, म्हणून गालिचा ठेवला आहे. तिथे हेपा फिल्टरचे व्हॅक्यूम आठवड्यातून दोनदा फिरवते.

ताणाबाणा काका, तुम्ही सांगितल्याप्रमाणे पाहिले. भदोहीच्या गालिच्याला मागे जाड सुती कापड आहे आणि कोपऱ्याशी चिमूटभर भुकटीही सापडली. म्हणजे तो टफ्टेडच. काश्मिरी गालिच्याच्या पाठीवर नक्षी लख्ख दिसते. तिसऱ्याच्या तंतूचा मणी झाला. आता आणखी एक अडचण : आमच्या संकुलात बऱ्याचदा टँकरचे पाणी येते. त्याने काही फरक पडतो का?

ऐरोली_दुसरी_पाळी

पडतो. टँकरचे पाणी अनेकदा बोअरवेलचे असते आणि त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार अधिक असतात. अशा पाण्यात साबण फाटतो आणि त्याचा पांढुरका थर तंतूंवर बसतो. पालिकेच्या नळाचे पाणी ज्या वेळी येते, त्याच वेळी काम ठेवा, किंवा ते पाणी आधी साठवून द्या. शेवटचा हात सौम्य आम्लयुक्त पाण्याचा मारायला सांगा. त्याने उरलेली अल्कली निष्प्रभ होते आणि गालिचा हाताला मऊ लागतो.

पाचपाखाडी_पश्चिम

काश्मिरी गालिचा घरी कोणालाही हात लावू देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. आमच्याकडेही तसाच एक आहे. तो आम्ही गालिचे धुण्याच्या कारखान्यात पाठवला आणि मी स्वतः जाऊन काम पाहिले. आधी गालिचा उपडा घालून पाठीवरून थाप देणारे यंत्र फिरवले. खाली जी माती पडली, ती पाहून मी थक्क झालो. वरून तो गालिचा स्वच्छच दिसत होता. गाठींच्या मुळाशी बसलेली ही करकरीत माती चालताना तंतू कापत राहते, म्हणून ती पाण्याआधी, कोरडी असतानाच निघाली पाहिजे. पाणी पडले की तिचा चिखल होतो. त्यानंतर प्रत्येक रंगावर ओले पांढरे कापड दाबून पाहिले. गर्द लाल रंग किंचित सुटत होता, म्हणून त्यांनी थंड पाणी आणि सौम्य द्रावण वापरले, लवेच्या दिशेनेच पाणी निपटले आणि सावलीत टांगून वाळवले. सुती झालर वेगळी, हाताने धुतली. सोपवण्यापूर्वी लांबी-रुंदी मोजून ठेवा, पाठीची आणि चारही कोपऱ्यांची छायाचित्रे काढा आणि पावतीवर ‘हाताने गाठी मारलेला’ असे लिहून घ्या.

कोपरीकर

धागा वाचून काल घरचा गालिचा उलटून पाहिला. तो सिंथेटिक निघाला, म्हणूनच इतकी वर्षे गरम पाणी निभावले असावे. बहिणीचा लोकरीचा आहे. तिला हा धागा पाठवला आहे.

ताणाबाणा

कोपरीकर, उत्तम केलेत. अशा गालिच्यांत बहुधा असणारा पॉलिप्रॉपिलीन हा सिंथेटिक धागा पाणी शोषत नाही आणि त्याचा रंग बहुधा धागा ओढतानाच मिसळलेला असल्याने सुटत नाही. गरम पाण्याची पद्धत त्याला मानवते. मात्र तेलकट डाग तो घट्ट धरतो, त्यामुळे आधीची फवारणी आणि ती मुरण्याचा वेळ गाळू देऊ नका. पाठीत ताग असेल, तर वाळवण्याची काळजी त्यालाही तितकीच लागते.

मानपाडा_मुक्काम

सर्वांचे मनःपूर्वक आभार. असे ठरवले आहे : काश्मिरी गालिचा कारखान्यात जाईल. मुलांच्या खोलीतल्या गालिच्याला ऑक्टोबरमध्ये गरम पाणी. भदोहीच्या गालिच्यासाठी, लॅटेक्स सुटत आहे हे आधीच सांगून, जो कमी पाण्यात काम करायला तयार होईल आणि रसायनाचा पीएच सांगू शकेल, त्याच्याकडेच काम. तिघांनाही पुन्हा फोन केले. दोघांना पीएचबद्दल सांगता आले नाही. तिसऱ्याने डब्यावरच्या माहितीचे छायाचित्र पाठवले आणि ‘आधी पाठ पाहून मगच दर सांगतो’ म्हणाला. शेवटची शंका : काम नीट झाले की नाही, हे पैसे देण्यापूर्वी कसे तपासावे?

ताणाबाणा

ज्याने पाठ पाहायची तयारी दाखवली, त्यालाच काम द्या.

तपासणी कामाच्या दिवशी एकदा आणि वाळल्यावर एकदा अशी दोनदा करा. त्या दिवशी माणसे असतानाच गालिच्यावर पांढरा टॉवेल अंथरून त्यावर उभ्या राहा. टॉवेल दमट झाला तर ठीक. त्यातून पाणी निथळले, तर नुसते ओढण्याचे आणखी फेरे मारून घ्या. टॉवेलवर करडा रंग उमटला, तर मळ बाकी आहे. रंगीत छटा उमटली, तर काम तिथेच थांबवा. वाळल्यावर लवेतून उलट्या दिशेने तळहात फिरवा. हात चिकटला किंवा तंतू कडक लागले, तर साबण राहिला आहे आणि नुसत्या पाण्याचा आणखी एक हात मारून मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. शेवटी कोपरा उलटून पाठीला नाक लावा. ओलसर वास आला, तर तो कितीही कोरडा दिसला तरी त्यावर सोफा परत ठेवू नका. काही रक्कम या दुसऱ्या तपासणीनंतर देण्याचे आधीच ठरवून घ्या.

कळव्याची_माई

आणि सोफा ठेवताना पायांखाली प्लास्टिकच्या चकत्या ठेवा हो. लाकडाचे पॉलिश दमट लोकरीला लागले की तो डाग हळदीहून वाईट.